अवेळी लाल झालेला चिनार

हरुद, म्हणजे आमच्याकडची पानगळ, भाताची कापणी उरकल्यावर येतो. सफरचंदाच्या पेट्या ट्रकवर चढतात, सकाळी झेलमवर धुकं बसायला लागतं, माळ्यावरच्या कांगड्या, अंगाशी धरायच्या निखाऱ्यांच्या शेगड्या, खाली उतरतात, आणि मग चिनार पिवळा होतो, पिवळ्याचा केशरी, केशरीचा लाल. हे आमच्या शेंबड्या पोरांनाही माहीत आहे. त्या वर्षी भात अजून पोटरीत होता, सफरचंदं हिरवी आणि दात आंबवणारी होती, आणि आमच्या मोहल्ल्यातला चिनार एका बाजूनं लालभडक झाला. लोक घाबरले असतील असं वाटेल तुम्हाला. लोक खूश झाले! मला अजून त्याचाच संताप येतो.

आमचा मोहल्ला रस्त्याला लागून आहे. डोंगराकडे जाणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या इथून जातात, एरवी कधी थांबत नाहीत. त्यातल्या कुणीतरी झाडाचा फोटो काढून मोबाईलवर टाकला, खाली लिहिलं की काश्मिरात यंदा हरुद लवकर आला. झालं. रोज गाड्या थांबायला लागल्या. बायका लाल फांद्यांखाली उभ्या राहून माना वेळावायच्या, नवरे गुडघ्यांवर बसून फोटो काढायचे. आमच्या लस्सा रोटीवाल्यानं भट्टीपुढे समोवार मांडला आणि चहा विकायला लागला. जो तो म्हणे, मोहल्ल्याचं नशीब उघडलं.

एकटी साजादेद चिडली.

साजा तिचं नाव, देद आम्ही मानानं म्हणायचो, घरातल्या थोरल्या बाईला म्हणतात तसं. माझ्या आणि तिच्या स्वयंपाकघरात एकच भिंत आहे, त्यामुळे तिचं आयुष्य मी जेवढं पाहिलं त्याहून जास्त ऐकलं. तिचा राग मोहल्ल्यात प्रसिद्ध होता. लग्नाच्या दिवशी सासरच्या बायका कुजबुजल्या की नवरी रिकाम्या हातानं आली, तर घुंगटातूनच हिचा आवाज आला, "हात रिकामे नाहीत, मेंदी ओली आहे. वाळली की दाखवते." नवरा होडीतून नदीची वाळू वाहायचा. पोरगी दिलशादा परकर घालायच्या वयाची असताना तो छातीच्या आजारानं गेला. मग साजादेद सूत कातायला लागली आणि हरुदात चिनाराखालची पानं गोळा करायला. आमच्या सगळ्याच बायका ती करतात. पानांचे ढीग पेटवायचे, भडकले की वरून पाणी शिंपडायचं, जो कोळसा राहतो तो हिवाळाभर कांगडीत. पण आम्ही घरापुरता करायचो, ती विकण्याइतका करायची. कोळशानं काळे झालेले तिचे हात वसंतापर्यंत उजळत नसत. एकदा लस्सानं पीठ महागलं म्हणून रोटी बारीक केली, तर हिनं ती डोळ्यापुढे धरली आणि भर रांगेत म्हणाली, "अरे, हिच्यातून मला मशिदीचं छप्पर दिसतंय." दुसऱ्या दिवशी रोटी पुन्हा जाड झाली.

तर ही बाई त्या सकाळी झाडाखाली आली, हात वर करून एक लाल पान तोडलं आणि मला म्हणाली, "बघ पोरी. हरुदाचं पान कातड्यासारखं लवतं. आणि हे बघ." तिनं मूठ मिटली. पानाचा चुरा झाला. "हा हरुद नाही. हा ताप आहे."

लस्सा भट्टीवरून ओरडला, "देद, तुम्हाला सगळ्यातच खोट दिसते! झाडाला लवकर हौस आली असेल. चार गिऱ्हाइकं येतायत, येऊ द्या की."

"हौस? उद्या तुझ्या बायकोचा चेहरा तापानं लाल झाला, तर तूही ओट्यावर बसून तिचे फोटो काढायला लोक बोलावशील काय रे?"

सगळे हसले. लस्साही हसला. ती हसली नाही.

त्या झाडामागे बशारतची जमीन होती. बशारत ठेकेदार. दुबईला राहून आला होता आणि इथे त्याला हॉटेल बांधायचं होतं. जमीन मोठी, पण रस्ता आणि जमीन यांच्या मधोमध चिनार उभा. चिनार तोडायला आमच्याकडे सरकारची परवानगी लागते, मग तो तुमच्या परसात का असेना. त्यानं मागितली होती, मिळाली नव्हती. हे सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक होतं.

आणखी एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. बशारत जन्मला तेव्हा त्याची आई हाजरा विषमज्वरानं अंथरुणाला खिळली होती. पोर रडून रडून निळं पडलं. साजादेदची दिलशादा तेव्हा अंगावर पीत होती. हिनं शेजारचं पोर उचललं आणि एका बाजूला दिलशादा, दुसऱ्या बाजूला बशारत, असं दोघांना वाढवलं. हाजरा उठून बसेपर्यंत महिने गेले. तेव्हापासून साजादेद त्याची दूधआई. आमच्यात हे नातं रक्ताइतकंच धरतात. दर ईदला तो आधी तिच्या उंबऱ्यावर यायचा, तिचा हात डोळ्यांना लावायचा, मग आपल्या घरी जायचा.

म्हणून ती त्याच्याकडेच गेली. मला सोबत घेऊन. त्यानं गालिचावर बसवलं, मिठाचा चहा आणि बाकरखानी पुढे ठेवली.

"मोजी, फार दिवसांनी आलीस," तो म्हणाला. मोजी म्हणजे आई.

"झाडाला काय झालंय?"

"ऊन, मोजी. यंदा पाऊस कुठे झाला? शिवाय म्हातारं झाड."

"नदीकाठचे बाकीचे चिनार काय कालचे आहेत? ते हिरवे कसे?"

तो हसला. "तूही ना, मोजी! बरं ऐक. हॉटेल झालं की खालची एक खोली तुझी. हीटर लावून देतो. मग कुठली पानं नि कुठला कोळसा? आयुष्यभर काळे हात करून घेतलेस."

"मी तुला खोली मागितली का?"

"मागायची कशाला? लेकाचं घर."

ती उठली. चहाला तिनं तोंड लावलं नव्हतं. गल्लीत आल्यावर म्हणाली, "माझ्या डोळ्यांत बघून बोलत नव्हता. लहानपणी पिताना डोळे मिटायचा, पण तेव्हा त्याला झोप यायची."

दुसऱ्या दिवशी तिनं बादली उचलली. म्हणाली, ऊन आहे तर ऊन, तापलेल्याला पाणी तरी द्यावं. आम्ही दोघी नदीवरून पाणी आणून मुळांशी ओतायला लागलो. हिरव्या बाजूला पाणी पसरायचं, मुरायचं, माती काळी व्हायची. लाल बाजूला ओतलं तर ते घटघट आवाज करत एकाच जागी खाली गेलं. जसं कुणी पीत होतं. साजादेदनं तिथे बोटं घातली. गवताचा तुकडा झाकणासारखा सुटून हातात आला. खाली भोक होतं, मनगट जाईल एवढं, थेट मुळात गेलेलं. त्यातून असा उग्र वास आला की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. कडेला पांढरे खडे चिकटले होते. तिनं एक जिभेला लावला आणि थुंकली.

"मीठ," ती म्हणाली. "वरून तेजाब."

आम्ही गुडघ्यांवर रांगत शोधत गेलो. लाल बाजूला तशी भोकंच भोकं होती, प्रत्येकावर हिरवं झाकण.

मग मला आठवलं. वसंतात बशारतनं जमिनीत भोक पाडायचं मशीन आणलं होतं. हातपंप बसवायचा म्हणून. दिवसाढवळ्या, सगळे पुरुष जुम्म्याच्या नमाजाला गेलेले असताना ते घरघरत होतं. घराघरातल्या बायकांनी ऐकलं, नमाजाहून परतणाऱ्या पुरुषांनी पाहिलं. हातपंप काही कधी दिसला नाही. कुणी विचारलंही नाही.

साजादेदनं ती खारट माती फेरनच्या, अंगातल्या लांब झग्याच्या, ओच्यात भरली आणि सरळ लस्साच्या दुकानापुढे गेली. सकाळची वेळ, रोटीसाठी अख्खा मोहल्ला रांगेत. तिनं ओचा लस्साच्या फळीवर रिकामा केला.

"घ्या. आज रोटीला हे लावा. आपण मीठ चहात घालतो, बशारतनं झाडाच्या मुळात घातलंय."

लस्सा फडक्यानं फळी पुसायला लागला. मोहल्ला कमिटीचे सदर, म्हणजे अध्यक्ष, पुढे उभे होते, पांढरी दाढी, इस्त्रीची टोपी. ते हळूच म्हणाले, "देद, कुणी केलं हे कुणी पाहिलंय का? उगाच नाव घेऊ नये."

"मशीन तुम्ही पाहिलं नाहीत? तुमच्या खिडकीखालून गेलं."

"घरातली गोष्ट घरात मिटवू. सरकार, पोलीस आले की सगळ्यांनाच ताप."

"तुमच्या मुलाला तिथे मॅनेजर करतो म्हणालाय ना तो? आणि लस्सा, तुझ्याकडून हॉटेलची रोटी घेणार. आणि तुला रे? तुला पार्किंग?" ती एकेकाच्या तोंडाकडे बोट करत गेली. ज्याच्याकडे बोट वळे तो खाली बघे. एवढे दाढीमिश्यांचे पुरुष, आणि एकालाही मान वर करून खोटं बोलण्याची हिंमत नव्हती. खरं बोलण्याची तर नव्हतीच.

तेवढ्यात झाडाखालच्या पाहुण्यांतली एक बाई आली. चांगल्या घरची, गोड बोलणारी. "आंटी, थोडं बाजूला होता का? फोटोत येताय. नाहीतर असं करा ना, हातात एखादी कांगडी घेऊन झाडापाशी उभ्या राहा. खूप छान दिसेल."

साजादेद झाडाशी गेली, दोन्ही हात पसरून लाल फांद्यांखाली उभी राहिली आणि मोडक्या उर्दूत ओरडली, "काढा! काढा फोटो! मरणाऱ्याच्या उशाशी उभं राहून हसा! याला विष घातलंय, म्हणून तो लाल आहे!"

त्या बाईनं मोबाईल खाली घेतला. तिचा नवरा विचारत होता, काय झालं, काय म्हणतायत त्या? आणि रांगेतल्या कुणीतरी, नाव घेत नाही पण आवाज मी ओळखते, त्याला सांगितलं, "काही नाही साहेब, म्हातारी आहे. डोकं जरा फिरलंय."

ज्या बाईनं या मोहल्ल्यातल्या निम्म्या बाळंतिणींच्या उशाशी रात्री जागून काढल्या, तिचं डोकं फिरलेलं! मी तिथेच त्या माणसाला दोन शब्द ऐकवले. ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

आम्ही दोघी तालुक्याच्या कचेरीत जाऊन तक्रार देऊन आलो. बऱ्याच दिवसांनी दोन साहेब आले. तोवर भोकं सिमेंटनं बुजली होती, वर माती, वर नवं गवत. साहेबांनी बुंध्याला टेप लावली, वर बघितलं, आणि जेवायला बशारतकडे गेले. मेजवानीचं मटण, रिस्टा आणि गोश्ताबा, रांधल्याचा वास गल्लीभर सुटला होता. जाताना सांगून गेले की झाड वयोमानानं आणि दुष्काळानं सुकतंय. साजादेद त्यांच्या गाडीपुढे उभी राहिली, "भोकं दाखवते, या." ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. साहेब काच वर करून मोबाईलमध्ये बघत बसले.

त्यानंतर दोन दिवस भिंतीपलीकडून चरख्याचा आवाज आला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं धुतलेलं फेरन घातलं, डोक्यावर पांढरी ओढणी घेतली आणि बशारतच्या फाटकात जाऊन उभी राहिली. पाया खोदणारे मजूर होते, सदरसाहेब होते, वीटवाला होता. बशारत नकाशा पसरून उभा होता.

"बशारत," ती म्हणाली. ओरडली नाही. "मी तुला पाजलेलं दूध माफ करत नाही. इथे नाही आणि तिथेही नाही."

आमच्याकडे याहून जड शब्द नाही. आईनं दूध माफ केल्याशिवाय माणूस डोळेसुद्धा सुखानं मिटू शकत नाही असं आम्ही मानतो. मजुरांनी कुदळी खाली ठेवल्या. बशारत आधी हसला. मग त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं आणि रंग गेला.

"मोजी, एका झाडासाठी?"

"त्याच झाडाखाली तुला पाळण्यात घालून मी सूत कातलं. तुझ्या तोंडावर ऊन येऊ दिलं नाही त्यानं." आणि ती परत फिरली.

मग सुरू झाली ये-जा. सदरसाहेब आले, समजूत घालायला. तिनं दार उघडलं नाही. बशारतची बायको शाल घेऊन आली. साजादेदनं ती उंबऱ्यावरच ठेवायला लावली आणि संध्याकाळी परत धाडली. मजूर कामावर यायचे बंद झाले. ज्याला दूध माफ नाही त्याच्या इमारतीच्या पायाला वीट कोण लावणार? बशारतनं बाहेरून मजूर आणले, तेही ऐकून गेले. खरं सांगते, मोहल्ल्याला तेव्हा पहिल्यांदा झाडाची काळजी वाटायला लागली. झाडाची नव्हे, हॉटेल अडलं त्याची!

शेवटी हाजरा आली. तिचे पाय केव्हाच गेले होते. दोन माणसांनी खुर्चीतून उचलून आणली. किती वर्षांनी ती घराबाहेर पडली होती. साजादेदनं तिला तरी आत घेतलं.

"साजा, तो वेडा आहे. माफ कर त्याला."

"हाजरा, तू तेव्हा तापात होतीस. तुला आठवत नाही तो कसा रडायचा. मला आठवतं. माझ्या लेकीच्या तोंडचं काढून मी त्याला दिलं. ते काय यासाठी?"

हाजरा बराच वेळ रडली. मग म्हणाली, "काय करायचं ते सांग."

"त्यानं घातलंय, त्यानं उपसावं. मजुरांच्या हातून नाही."

हाजरानं डोळे पुसले आणि खुर्ची उचलणाऱ्यांना म्हणाली, "घरी नको. मला झाडाखाली ठेवा." आणि तिथे बसली. घरून दुपारचं जेवण आलं, तिनं परत पाठवलं. सून विनवून गेली, हाजरा हलेना. मोहल्ला खिडक्यांतून बघत होता. उन्हं कलली तेव्हा बशारत आला, दुबईचे बूट घालून.

"अम्मी, लोक बघतायत. घरी चल."

"बघू दे. फावडं आणलंस?"

त्यानं फावडं आणलं. आईच्या आणि दूधआईच्या देखत त्यानं सिमेंट फोडलं, माती उपसली, जळालेली मुळं बाहेर काढली. साजादेद डोक्यावर उभी. "अजून खोल. तिथे पांढरं दिसतंय. झाकू नकोस, दिसतंय मला." दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्याही. तेजाबानं त्याच्या तळव्यांना फोड आले. आम्ही बायकांनी नदीचं पाणी ओतून खड्डे धुतले, नवी माती घातली. ज्या पुरुषांनी म्हणे मशीन पाहिलंच नव्हतं ते आता टोपल्या उचलायला पुढे आले. मी त्यांचे आभार मानले नाहीत.

काम झाल्यावर बशारत चिखलानं भरलेला तिच्यापुढे उभा राहिला. "आता तरी, मोजी?"

"वसंतात बघू."

मग खरा हरुद आला. झाडाची निरोगी बाजू आपल्या वेळेला पिवळी झाली, मग तांबूस, मग अशी लाल की संध्याकाळी गल्लीत उजेड पडायचा. दुसरी बाजू तोवर उघडी, काळी. फोटोवाले फिरकले नाहीत. अर्धं झाड त्यांना नको होतं. साजादेदनं निरोगी बाजूची मऊ, जड पानं गोळा केली, ढीग पेटवला, पाणी शिंपडलं, आणि धुरात खोकत एकटीच बडबडत राहिली.

वसंतात निरोगी फांद्यांना पालवी फुटली. दुसऱ्या बाजूला एक कोंब आला नाही. तो भाग करवतीनं उतरवावा लागला. बशारत टोपी हातात घेऊन आला.

"मोजी, अर्धं जगलं."

"मग अर्धं माफ," ती म्हणाली.

हॉटेल झालं. रस्त्यापासून मागे सरकून, पण झालं. आणि नाव काय ठेवलंय त्याचं? चिनारवाडा! साजादेद त्या फाटकासमोरून जाताना ओढणी तोंडावर घेते. बशारत अजून दर ईदला येतो, तिचा हात डोळ्यांना लावतो. ती चहा देते, गार होतोय, पी म्हणते. राहिलेल्या अर्ध्याचं तो विचारत नाही आणि ती काढत नाही. हाजरा गेल्या हिवाळ्यात गेली. तिच्या मातीची तयारी साजादेद आणि बशारतनं मिळून केली, तेव्हाही त्या विषयावर शब्द नाही.

परवा मी रोटी घ्यायला उभी होते. सदरसाहेब हॉटेलातल्या पाहुण्यांना झाड दाखवत होते. सांगत होते, झाडाला रोग लागला होता, आम्ही सगळ्या मोहल्ल्यानं मिळून वाचवलं बरं का.

माझा पारा चढला. "साहेब, रोग कुठला? आणि वाचवताना तुम्ही कुठे होतात?"

ते ओशाळं हसले. "जाऊ दे ना बाई. जुन्या गोष्टी कशाला उकरायच्या?"

जुन्या! बुंध्यावरची करवतीची जखम अजून भरलेली नाही. मी रोटी तिथेच फळीवर ठेवली आणि त्या पाहुण्यांना मशीन आलं त्या दिवसापासून सगळं सांगायला घेतलं. लस्सा खाली मान घालून कणीक मळत राहिला. सदरसाहेब दोनदा खाकरले, मग निघून गेले. पाहुणे मात्र शेवटपर्यंत उभे राहिले.